बाविसाव्या ओळीची गाडी

"गाव लांब की जवळ हे अंतरावर नसतं, तिथून परतीची शेवटची गाडी कितीला सुटते त्यावर असतं," असं तो एकदा म्हणाला होता. म्हणाला होता मेव्हण्याला, सहज, नखं कापता कापता. मेव्हण्याने ते चार ठिकाणी सांगितलं. तेव्हापासून बारावीचे निकाल लागले की आईबाप त्याच्या खिडकीशी येऊन उभे राहू लागले.

खिडकी बसस्थानकातल्या चौकशीची. खोलीला तीन बाजूंनी काच, चौथ्या बाजूला भिंत. भिंतीवर रंगवलेलं वेळापत्रक: बावीस ओळी, बावीस गावं. राज्य म्हणजे त्याच्या लेखी एवढंच. पहिल्या ओळीतलं गाव चाळीस मिनिटांवर, बाविसाव्या ओळीतलं राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि त्याच्याखाली भिंतच संपलेली. यांतल्या एकोणीस गावांत त्याने कधी पाऊल टाकलं नव्हतं. पण ती त्याला माणसांवरून ठाऊक होती. एक्स-रेचं पाकीट छातीशी धरलेले लोक सातव्या ओळीचे. बगलेत फायली आणि चेहऱ्यावर कोर्टाची तारीख, ते बाराव्या ओळीचे. बाविसाव्या ओळीला जाणारे थोडेच असत, आणि ते गाडी सुटेपर्यंत कुणाशी बोलत नसत.

मायक्रोफोनला रुमाल बांधलेला असे. तो बायको दर रविवारी धुऊन देई. चोवीस वर्षं त्या रुमालातून गाळून त्याचा आवाज फलाटांवर पडत होता. गल्लीत, दुकानात, न्हाव्याकडे त्याला सगळे 'चौकशीवाले' म्हणत. खऱ्या नावाने कुणी हाक मारली तर वळायला त्याला थोडा वेळ लागे.

"चौकशीवाले, पोरीला कॉमर्सला कुठे घालू?"

"नऊ नंबरच्या गावात घाला. परतीची साडेसातला आहे."

"अहो, पण कॉलेज कसं आहे?"

"गाडी चांगली आहे."

लोक हसत, आणि घालत. शंभरेक पोरांची कॉलेजं त्याने अशी ठरवली असतील. त्यांतलं कोण पुढे काय झालं, हे त्याने विचारलं नाही. ती वेळेवर घरी येत होती, एवढं त्याला फलाटावर दिसत होतं.

तो स्वतः रसायनशास्त्र शिकायला गेला होता. तिथली परतीची शेवटची गाडी चार वाजता सुटायची आणि दिवसाचा शेवटचा तास पावणेचारला सुरू व्हायचा. तीन वर्षांत तो तास त्याने एकदाही ऐकला नाही. परीक्षेत नेमकं त्या तासाचंच विचारत. नंतर स्थानकात जागा निघाली, तेव्हा साहेबांनी विचारलं, वेळापत्रक कळतं का. त्याला दुसरं काही कळत नव्हतं.

यंदा त्याच्या मुलीला बारावीला गुण चांगले पडले. राज्याबाहेर जायचं नाही हे घरात न बोलताच ठरलेलं होतं. राज्यातल्या कॉलेजांची पसंतीक्रमाची यादी भरायची होती. पहिलं नाव जे घालाल, ते बहुतेक मिळणार. त्याने एका कागदाच्या पाठीवर पाच गावं लिहून तिच्यापुढे ठेवली, परतीच्या गाडीच्या क्रमाने.

"यांतल्या एकातही भूगर्भशास्त्र नाही, बाबा."

"म्हणजे दगडच ना?"

"दगड, माती, खालचं पाणी. सगळं."

"दगड काय इथे नाहीत? आपल्या दारात दोन आहेत."

"ते शिकवणारं कुणी नाही दारात. बाविसाव्या ओळीतल्या गावात आहे."

तो वेळापत्रक घरी आणत नसे, पण त्याच्यापुढे ती शेवटची ओळ उभी राहिली. थेट गाडी एकच. जाते त्या दिवशी परत येत नाही.

"ती गाडी बंद झाली," तो म्हणाला. "एक तारखेपासून. प्रवासी मिळत नाहीत."

मुलगी त्याच्याकडे बघत राहिली. बायको कणीक मळत होती, तिने मानही वर केली नाही. "यांनी सांगितलं म्हणजे संपलं, बाई. दुसरं बघ."

चोवीस वर्षांत त्याने सांगितलेली ही पहिली चुकीची माहिती. ती सांगायला काहीच त्रास पडला नाही, याचं त्याला जरा नवल वाटलं. मग तो जेवला.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता यादीची मुदत संपत होती. तो सकाळच्या पाळीवर होता. बाराच्या सुमारास चौकशीचा फोन वाजला.

"चौकशी," तो म्हणाला.

"साहेब, एक विचारायचं होतं." आवाज मुलीचा होता. तिने बाविसाव्या गावाचं नाव घेतलं. "तिथे जाणारी थेट गाडी कितीला आहे?"

त्याने आवाज ओळखला. आपली पाळी कुठली हे तिला माहीत आहे, हेही त्याला माहीत होतं. 'बंद' हा शब्द लहान होता, आणि कालच एकदा वापरलेला. पण कानाला हा फोन लागलेला असताना त्याच्या तोंडाला दुसरं वळणच नव्हतं.

"सकाळी सहा दहा. फलाट चार."

"रोज?"

"रोज."

"बंद झाली असं ऐकलं होतं."

"कुणाकडून?"

"घरातूनच."

काचेबाहेर एक बाई पिशवीवर बसून केळं खात होती. तिचं केळं अर्धं झालं.

"चुकीची माहिती असेल," तो म्हणाला.

"आणि परतीची, साहेब?"

"त्या दिवशी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला."

"बरं."

ती फोन ठेवत नव्हती. त्यानेही ठेवला नाही.

"डावीकडची खिडकी धरावी," तो म्हणाला. हे त्याला ड्रायव्हरांनी कधीतरी सांगितलं होतं, आणि आजवर कुणी विचारलं नव्हतं. "दुपारनंतर उजवीकडे ऊन येतं."

"थँक्यू, साहेब."

तीन वाजता तो घरी पोचला तेव्हा मुलगी टेबलाशी मोबाईल घेऊन बसली होती. बायकोने पाणी दिलं. त्याचा पाच गावांचा कागद तिथेच होता, पाण्याच्या भांड्याखाली.

"वाचून दाखवते, आई," मुलगी म्हणाली. "एकदा पक्की केली की बदलता येत नाही." तिने पहिलं नाव वाचलं.

बायकोने मान वर केली. "अगं, गाडी बंद झालीये ना तिथली? जाणार कशी? उडत?"

"चालू आहे. सकाळी सहा दहा, फलाट चार. मी चौकशीला फोन केला होता."

"चौकशीला? मग हे इथे काय शोभेला बसलेत?" बायको हसली आणि त्याच्याकडे वळली. "काय हो? ती म्हणते चालू आहे."

तो भांड्याखालचा कागद बघत होता. पाण्याची गोल कड उमटून त्यातली दोन गावं पुसट झाली होती.

"फोनवरचे साहेब फार नीट बोलले," मुलगी म्हणाली. तिचं बोट मोबाईलच्या वर थांबलेलं होतं. "खिडकी कुठली धरायची तेसुद्धा सांगितलं."

बोट खाली येईपर्यंत 'बंद' म्हणायला वेळ होता. त्याने रिकामं भांडं मोरीत ठेवलं, दाराशी जाऊन चपला पायात सरकवल्या, आणि बाहेर पडला.