ताईला न दिलेलं औषध

मी मुंबईच्या एका प्रयोगशाळेत काम करते. पाण्यात बुडवलेल्या सोन्याच्या पत्र्यावर आम्ही लेसर मारतो. सोन्याचे डोळ्यांना न दिसणारे कण सुटतात आणि पाणी कोकम सरबतासारखं लाल होतं. त्या कणांना किरणोत्सर्गी द्रव्य चिकटवायचं आणि ते थेट कॅन्सरच्या गाठीत पोचवायचं, असं हे काम. अजून ते उंदरांपलीकडे गेलेलं नाही.

माझी थोरली बहीण रेवदंड्याजवळच्या आमच्या गावी शाळेत शिकवायची. आई लवकर गेली, म्हणून मला तिनंच वाढवलं. "माझी बहीण कॅन्सरवर औषध बनवते," असं ती वर्गातल्या पोरांनाही सांगायची. मग तिलाच स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

दर शनिवारी मी मांडव्याच्या बोटीनं तिच्याकडे जायचे. एकदा ती म्हणाली, "तुझं ते लाल पाणी दाखव तरी गो."

प्रयोगशाळेतल्या सरांना विचारून मी एक छोटी बाटली नेली. त्यात किरणोत्सर्गी काहीच नव्हतं, नुसतं पाणी आणि सोनं. ताईनं ती खिडकीतल्या उन्हात धरली.

"उंदरांना देता, न् मला न्हाय?"

"ताई, कण गाठीपर्यंत पोचतच नाहीत. बहुतेक यकृतातच अडकतात."

"शिकव त्यांना वाट," ती हसत म्हणाली. लगेच दुखायला लागलं म्हणून तिनं डोळे मिटले.

मी निघाले तसे भाऊजी मागोमाग अंगणात आले. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा माणूस, पण त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. "थोडंसं पाजून बघू. मी कुणाला सांगणार न्हाय."

"भाऊजी, यात औषधच नाही हो."

त्यांचा विश्वास बसला नाही. मी बाटली पर्समध्ये टाकली, तेव्हा ते पर्सकडेच बघत राहिले.

पंधरा दिवसांनी ताई गेली. दहाव्याला आलेली एक बाई माझ्या देखत म्हणाली, "जगासाठी औषध करते, बहिणीला न्हाय दिलं." भाऊजी शेजारीच बसले होते. त्यांनी तिच्यापुढे चहाचा कप सरकवला.

चार महिन्यांनी कणांवर चढवायचं वेष्टण बदलल्यावर ते पहिल्यांदा उंदराच्या गाठीत बऱ्यापैकी पोचले. सगळ्यांनी पेढे वाटले. मी जिन्यात जाऊन भाऊजींना फोन केला. का केला, मला आजही कळत नाही.

"म्हणजे आता माणसांना देतील?" त्यांनी विचारलं.

"नाही. अजून बरीच वर्षं लागतील."

"मग मला कशाला सांगतेस?"

आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच कळलं नव्हतं. त्यांनी फोन ठेवला आणि मी पायरीवर बसून रडले. त्यानंतर कामाबद्दल मी त्यांना कधीच काही सांगितलं नाही.