जमनाकाकीचे साडेतीन

“साडेतीनाचे चार करू नका, भावजी. पायजे तर मना चार शिव्या द्या, पन साडेतीन ते साडेतीनच ऱ्हाव द्या.”

“अर्दा मानूस कदी जेवाला आलाय काय, वैनी? पाय मांडवात आन तोंड घरी?”

ओट्यावरचे सगळे हसले. जमनाकाकीही हसली, पण मागे सरली नाही.

ओटा शैलेशचा. त्याच्या मुलीची, कीर्तीची, हळद आठ दिवसांवर आली होती. लग्न बोईसरच्या हॉलमध्ये, तिथलं जेवण केटररकडे. पण हळदीच्या दुपारचं गावजेवण आमच्याच गावात, चिंचणीच्या अलीकडे, खाडीच्या अंगाला. आमंत्रण चूलबंद. म्हणजे त्या दुपारी गावात एकाही घरी चूल पेटवायची नाही, म्हाताऱ्यापासून रांगत्यापर्यंत सगळ्यांनी मांडवात जेवायचं.

अर्ध्या माणसाची थट्टा करणारे ते नरहरीभाऊ, तीस वर्षं गावजेवणांचे आचारी. त्यांच्या हाताच्या चवीला कुणी नाव ठेवावं असं नाही. पण आमच्याकडे जेवण उरलं तर लोक चार दिवसांत विसरतात, कमी पडलं तर नातवंडांच्या सोयरिकीत निघतं. म्हणून आकडा ज्याच्या हातात जातो तो त्याला फुगवतो. यजमान फुगवतो, आचारी फुगवतो, आणि गोणी आणायला गेलेला माणूस दुकानाच्या पायरीवर आणखी फुगवतो. गेल्या माघातल्या गावजेवणात इतका भात उरला की म्हशींना घातला. दोन म्हशी पोट फुगून आडव्या पडल्या, डॉक्टरची सुई टोचली तेव्हा उठल्या. बाकीचा भात खाडीत गेला आणि तीन दिवस आंबट वास घेऊन वाऱ्याबरोबर परत येत राहिला.

त्यातली एक म्हैस शैलेशची. त्यानं जमनाकाकीला बोलावलं ते त्यामुळे.

आता गावजेवणाची चूल आमच्या गावात बाईच्या हाती कधी गेली नव्हती. बायकांनी वाल सोलायचे, वांगी चिरायची, नारळ खवायचे. तांदूळ किती, हे बाप्यांनी सांगायचं. काकीला ते माहीत होतं, म्हणून तर ती आली होती. नाकातली चमकी पुसून, इस्त्रीचं लुगडं नेसून.

काकी काही गरीब गाय नव्हे. आवाज असा की चिकूच्या वाडीतून हाक मारली तर रस्त्यावरची रिक्षा थांबते. वाडी लहान, पोट मोठं, म्हणून चौदा वर्षांपूर्वी बोईसरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या कॅन्टीनला लागली. आज तिथं तीन पाळ्यांचं जेवण तिच्या शब्दावर शिजतं, आणि हे ती स्वतःच सांगते, विचारायची गरज नाही.

पहिल्या वर्षाची फजितीही तीच सांगते, तेवढ्याच जोरात. डाळ-भाजीला सहाशे ग्रॅम मीठ लागायचं, काट्यावर शून्य पॉइंट सहा. काकी सातवी शिकलेली. शाळेतला नियम पाठ: पाच किंवा पुढे असेल तर वरचा पूर्ण आकडा. तिनं पॉइंट सहाचा एक केला आणि किलोभर मीठ ओतलं. त्या पाळीनं दिवसभर पाणी ढोसलं, मशीनवर माणूस कमी आणि मुतारीच्या रांगेत जास्त. मुकादम टोप वाजवत आत आला.

“आकडा गोल कराचा,” काकी म्हणते, “पन कुटं कराचा ते बगून. मिठाचा कराल तर गाव पानी पील.”

तर त्या दिवशी ओट्यावर नरहरीभाऊंनी आपला हिशोब मांडला. “घरं एकशे अडतीस, म्हंजे दीडशे धरा. घरटी चार. झाले सहाशे. माणशी दीडशे ग्रॅम तांदूळ. नव्वद किलो. वर दहा किलो देवाच्या नावाचे. शंबर. सरळ हाय.”

“देव दहा किलो खातो काय हो?” काकी म्हणाली. “तुमी तीन ठिकानी फुगवलं आन चवथ्यांदा देवाला म्होरं केलं.”

“मंग तुजं सांग.”

काकीनं आदल्या दोन दिवसांत एक काम केलं होतं. आळीतल्या वीस घरांत जाऊन तिनं विचारलं होतं, ‘हळदीच्या दुपारी घरात ताटं किती लागली असती?’ माणसं किती, असं विचारलं की लोक मुंबईला राहणारा दीरही मोजतात. ताटं विचारली की खरं बोलतात. वीस घरांत सत्तर ताटं निघाली. घरटी साडेतीन.

“घरं एकशे अडतीसची एकशे चाळीस करा, मी ‘नाय’ बोलनार नाय,” ती म्हणाली. “दोन घरं वाढली, सात मानसं वाढली, खपून जातील. पन साडेतीनाचे चार केले तं काय होतंय? अर्दा अर्दा मानूस एकशे चाळीस घरांत वाढला. सत्तर मानसं! कोनी बगितली नायत, कोनी बोलवली नायत, आन त्यांचा भात शिजतोय. मोठ्या आकड्याला थोडं ढकललं तं चालतं, भावजी. बारक्याला ढकललं की तो सगळ्यांना घेऊन पडतो.”

शैलेश बोटांवर मोजून बघत होता.

“एकशे चाळीस गुनिले साडेतीन, चारशे नव्वद. आता शेवटी करा गोल. पाचशे. एकदाच कराचा, शेवटी कराचा. माणशी तांदूळ शून्य पॉइंट बारा किलो. त्याचा पॉइंट एक कराल तं ऐंशी मानसं उपाशी उटतील, पॉइंट पंदरा कराल तं परत म्हशी आडव्या. पाचशेला पॉइंट बारानं, साठ किलो.”

“शंबराच्या जागी साठ!” नरहरीभाऊंनी तपकिरीची डबी ओट्यावर आपटली. “शैलेश, तुजी पोरगी हाय, तुजं नाक हाय.”

शैलेश खरंच घाबरला होता. “काकी, कमी पडलं तर?”

“कमी पडलं तं या गावात परत वाढाचा डाव हातात धरनार नाय. कोनाच्या घरी नाय. आन पुरलं तं हितून पुढं गावची चूल माजी. बोला भावजी, मान्य?”

चौघांच्या देखत भाऊ म्हणाले, “मान्य.” पण जाता जाता शैलेशला बाजूला घेऊन सांगितलं, की घरात एक गोण जास्तीची आणून ठेव.

हळदीच्या दिवशी काकी पहाटेच मांडवामागे हजर. साठ किलो तांदूळ, पंधरा-पंधराचे चार टोप. वालाची भाजी, वांगं-बटाटा, वरण, बुंदी. पत्रावळी बरोबर पाचशे. नरहरीभाऊ खुर्ची टाकून चुलीपासून चार हातांवर बसले, लाकूड लावायला नाही, बघायला.

पहिली पंगत बसली. सगळे बाप्ये, वाडीत सकाळपासून पाणी सोडून आलेले. भातावर तुटून पडले. दुसऱ्या पंगतीला कारखान्यातून पहिली पाळी सुटलेली पोरं मोटारसायकली लावून थेट पाटावर. त्यांच्यापुढे वाढपी धावून धावून दमले. सव्वाशे-सव्वाशेच्या दोन पंगती उठल्या तेव्हा मांडवामागे अडीच टोप रिकामे झाले होते.

नरहरीभाऊ खुर्चीतून उठले.

“अर्दं गाव जेवलं, आन टोप उरला दीड. शैलेश! चूल पेटव. गोण बाहेर काड.”

हळद लावलेली कीर्ती घरातून बघत होती. तिची आई पदर तोंडाला लावून उभी. तिसऱ्या पंगतीचे लोक मांडवात शिरू लागले होते आणि शैलेश गोणीची शिवण सुरीनं उसवायला वाकला होता.

“सुरी खाली ठेव,” काकी म्हणाली. त्या आवाजानं पलीकडे बँडवाल्याचा सनईवालाही थांबला.

“काकी, माझी पोरगी…”

“तुजी पोरगी हाय म्हनूनच सांगते. बग कोन येतंय ते. डोळे उगड आन बग.”

मांडवाच्या तोंडाशी बायका आणि पोरंटोरं होती. कडेवरची, बोटाला धरलेली, आणि पुढे धावत सुटलेली. त्यांच्या मागे म्हाताऱ्या, एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून.

“पयल्या दोन पंगतींनी दीड-दीडशे ग्रॅम खाल्ला. खानारच. ही पोरं भाताला हात लावनार नायत, बुंदी मागतील. ह्या म्हाताऱ्यांना दात नायत. ह्यांचा माणशी नव्वदचा हिशोब. दीडशे आन नव्वद मिळवा, दोन भाग करा, किती झाले, भावजी?”

भाऊंचे ओठ हलले. उत्तर एकशेवीसच येत होतं.

“सगळ्यांचं मिळून पॉइंट बारा बोलले व्हते मी. पयल्या पंगतीचं नव्हतं बोलले.”

शैलेशनं काकीकडे पाहिलं, भाऊंकडे पाहिलं, मग मांडवात बसत चाललेल्या लोकांकडे. नाक त्याचं होतं, ठरवायचंही त्यालाच होतं. त्यानं सुरी खिशात घातली आणि गोणीवरच बसला. उठलाच नाही. पाहुणे भेटायला आले तरी गोणीवरूनच नमस्कार करत होता.

तिसरी पंगत बसली. पोरांनी बुंदीसाठी गोंधळ घातला. एका पोरानं भात ढिगानं घेऊन त्यात बोटानं विहीर खणली, त्याची आई त्याच्या पाठीत धपाटा घालून तो भात स्वतः जेवली. अर्ध्या टोपाच्या वर थोडं गेलं. चौथ्या पंगतीत म्हाताऱ्या सावकाश जेवल्या, पण दोनदा वरण-भात मागितला. काकी स्वतः वाढत होती. “घे गो माय, लाजू नको, लय हाय,” असं प्रत्येकीला मोठ्यानं सांगत होती. मोठ्यानं कुणासाठी, ते सगळ्यांना कळत होतं.

शेवटी वाढपी बसले. त्यांच्यात नरहरीभाऊही बसले, मुद्दाम. पत्रावळ पुढे ओढून म्हणाले, “भात.”

काकीनं वाढला. भाऊंनी संपवला.

“आजून.”

वाढला. भाऊ पासष्टीचे, पण त्या दिवशी पंचविशीतल्यासारखं जेवले. तिसऱ्यांदा हात वर केला तेव्हा सगळा मांडव त्यांच्याकडे बघत होता. काकीनं टोप तिरका केला, तळाला झारा फिरवला आणि भाऊंच्या पानात भरघोस ढीग घातला, वर खमंग खरवडीचा एक पापुद्रा.

“आजून लागंल तं हाय. दोन डाव हाय. म्हशीला पुरनार नाय तेवडंच.”

आधी वाढपी हसले, मग बायका, मग गोणीवरचा शैलेश इतका हसला की खाली घसरला. पाचशेतल्या दहा-बारा पत्रावळी उरल्या होत्या. बायकांनी काकीच्या कपाळाला, गालाला, हाताला कीर्तीची उष्टी हळद फासली. काकी ‘नको गो’ म्हणाली नाही. तोंड पुढे केलं आणि बँडवाल्याला ओरडून विचारलं, “काय रे, झोपलास?” मग ती मांडवाच्या मधोमध नाचली, झाऱ्यासकट.

भाऊंनी हात धुतले, ढेकर दिला. शैलेशचा चुलतभाऊ शेजारी उभा होता, त्याच्या मुलाचं लग्न वैशाखात. त्याला भाऊ म्हणाले, “मना बोलवू नको. म्हंजे बोलव, पन पंगतीला. पयल्या. तीस वर्सं मी शेवटच्या पंगतीला जेवलोय, गार भात. आता चूल वैनीची.”

“ऐकलं काय रे सगळ्यांनी?” काकी मांडवाच्या त्या टोकावरून ओरडली.

“ऐकलं!” गाव ओरडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकी हळदीनं पिवळी ती पिवळीच बोईसरला उतरली. कॅन्टीनच्या दाराशी रामनाथ सुपरवायझर कागद घेऊन उभा.

“दीदी, ये क्या होली खेल के आयी हो? आज पहली पाली में एक सौ सत्तासी आदमी।”

“एकशे नव्वद,” काकी म्हणाली. पदर खोचला, काट्यावर पातेलं ठेवून आकडा शून्यावर आणला आणि डाळ ओतायला घेतली.