नाव न विचारणारी पंगत

कैरोत आपण सार्वजनिक धोरण शिकायला आलो, असं इन्शिराह सगळ्यांना सांगायची. खरं कारण वेगळंच होतं. तिचे बाबा हयातभर याच शहरात विटा वाहत राहिले. अस्वानकडच्या गावी यायचे ते फक्त ईदेला, आणि आले की रमझानातल्या रहमानच्या, म्हणजे देवाच्या नावाच्या पंगतीचं कौतुक सांगत बसायचे. भर रस्त्यात टेबलं मांडतात, येईल त्याला वाढतात. "नाव विचारत नाहीत गं," हे दरवेळी. कुठल्या गल्लीत जेवायचे ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि या बयेनं कधी विचारलं नाही. आता बाबा गेले, विचारणार कोणाला?

विद्यार्थी मंडळाची अध्यक्ष झाल्यावर तिनं पहिला ठराव आणला तो अशाच पंगतीचा, कॉलेजमागच्या गल्लीत. पण धोरण शिकणारी मंडळी ती, साधं जेवण साधेपणानं वाढतील तर शपथ. खजिनदार लुत्फी म्हणाला, आधी नाव, पत्ता, कमाई विचारू, गरजू ठरवू, मग कूपन देऊ. सगळ्यांनी माना डोलावल्या. इन्शिराहनंही. बाबांचं ते एक वाक्य, तेही नेमकं त्या घटकेला आठवू नये!

रमझानच्या पहिल्या संध्याकाळी भात, मोलोखियाची भाजी, खजूर, सगळं तयार. गल्लीच्या तोंडाशी लुत्फी कागद घेऊन बसलेला. माणसं यायची, कागद बघायची, आणि सहज आलो होतो म्हणत पुढे निघून जायची. रोजा सोडायची अजान झाली तरी खुर्च्या रिकाम्याच. अंगभर सिमेंटची धूळ घेऊन एक म्हातारा आला, तोही मागे वळला. इन्शिराह त्याच्या पाठीकडे बघत राहिली. बाबा ईद संपवून निघायचे तेव्हा तिला अशीच पाठ दिसायची.

"उचल ते कागद, लुत्फी."

"अगं, मग अहवालात लिहायचं काय?"

"माणसं जेवली, असं लिही."

ती म्हाताऱ्यामागे धावली. काका, जेवून जा, म्हणत हाताला धरून घेऊन आली. त्याला बसलेला बघून बाकीचेही हळूहळू टेकले. तीही त्याच्या शेजारी बसली. त्यानं खजूर तिच्यापुढे केला.

"घे पोरी. दमलेली दिसतेस."

बोली थेट तिच्या गावाकडची. तिनं खजूर हातात घेतला.

"माझे बाबा इथेच जेवायचे," ती म्हणाली. खरं की खोटं, देव जाणे.

म्हाताऱ्यानं मान हलवली, भाताची थाळी तिच्याकडे सरकवली आणि काही विचारलं नाही. आज एकदाच त्यानं बाबांचं नाव विचारावं, असं तिला फार वाटत होतं.