सत्काराची शाल

कौमुदीवहिनींनी मराठी मंडळाकडे मागितली होती फक्त एक सकाळ. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशन होईपर्यंत नवऱ्याजवळ कोणीतरी बसायला हवं होतं. मुलगा शेखर परदेशात. पगारी ठेवलेली बाई नीलकंठरावांनी ताट फेकून मारल्यावर परत फिरकली नाही. त्यांना बायकोही ओळखू येत नसे. एकदा कडी उघडी राहिली, तर बनियनवरच ते सदर बाजारात स्कूटरींच्या गर्दीत सापडले होते.

मंडळाच्या अध्यक्षा यामिनीताई मनानं चांगल्या. ऐकताना त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं, कौमुदीचा जाहीर सत्कार करायचा. तोही जोडीनं.

नीलकंठराव म्हणजे जुनं राज्य फुटून हे नवं झालं तेव्हा भोपाळहून इथल्या मंत्रालयात आलेले कारकून. पण गणपतीच्या नाटकात अंगरखा चढवला की सभागृह श्वास रोखायचं. काय तो आवाज होता! शेवटच्या रांगेतलं तान्हं पोरही रडायचं थांबे. तेच नीलकंठराव सत्काराच्या दिवशी कुर्ता घालताना बायकोला चोर म्हणाले आणि तिच्या मनगटाला कडकडून चावले. वहिनींनी कपाटातून लांब बाह्यांचं ब्लाउज काढलं.

रंगमंचावरचे दिवे अंगावर आले मात्र, माणूस ताठ झाला. मान किंचित कलली, हात जुळले. "मायबाप रसिकहो, आपण आलात, आम्ही धन्य झालो." टाळ्या थांबेनात. जुन्या नटाचं अंग असंच असतं, सगळं गेलं तरी दिवे विसरत नाही.

वहिनी खांद्यावरची शाल सावरत माइकपाशी आल्या. म्हणाल्या, "मले शाल नको जी. ऑपरेशनच्या दिवशी कोणी यांच्याजवळ बसता काय?"

त्यालाही टाळ्या पडल्या.

खाली उतरून त्या एकेकीपाशी गेल्या. प्रमोदिनीकडे पाहुणे येणार होते, लताचे गुडघे जिना चढू देत नव्हते. यामिनीताईंनी वहिनींच्या पाठीवर हात ठेवला. "इतके मस्त बोलून राहिले भाऊजी! तू काहून उगाच घाबरून राहिली?"

ऑपरेशनच्या सकाळी रिक्षा दारात आल्यावर वहिनींनी नवऱ्याला आरामखुर्चीत बसवलं. तीच शाल छातीवरून घेतली आणि खुर्चीमागे गाठ मारली. नीलकंठरावांना वाटलं, वेशभूषा चालली आहे. हात बाजूला धरून ते गुमान बसले.

"पडदा केव्हा?"

"आता उघडतेच," त्या म्हणाल्या, आणि बाहेरून कुलूप लावलं.

दुपारी डोळ्याला पट्टी बांधून परतल्या, तेव्हा गॅलरी बायकांनी भरली होती. शेजारणीनं खिडकीतून पाहिलं होतं, फोन फिरले होते. प्रमोदिनी पाहुण्यांसकट आली होती, लता जिना चढून आली होती. आत नीलकंठरावांचा आवाज ओरडून ओरडून फाटला होता.

"जनावर आहे काय ते, बांधून ठेवायले?" लता म्हणाली.

यामिनीताईंनी हात पुढे केला. "शाल परत दे, कौमुदी. मंडळाच्या इज्जतीचा प्रश्न आहे."

वहिनींनी कुलूप काढलं. एका डोळ्यानं चाचपडत गाठ सोडवली. शाल मुतानं ओली झाली होती. तिची नीट घडी घालून त्यांनी ती यामिनीताईंच्या हातावर ठेवली.

नीलकंठरावांनी दारातली गर्दी पाहिली. खुर्चीला धरून ते उठले, मान कलती केली आणि हात जोडले.