आईच्या गाण्यातल्या टाळ्या

या ग्रुपवर तुमच्यापैकीच एकीने सुचवलेल्या, गाण्यांची रेकॉर्डिंग नीट करून देणाऱ्या कोथरूडच्या मिक्सिंग इंजिनिअरकडे आज आईला घेऊन गेले होते.

उद्या तिच्या गळ्याचं ऑपरेशन आहे. आवाज कदाचित बदलेल, असं डॉक्टर म्हणालेत. म्हणून मागच्या आठवड्यात खडकीच्या घरी तिची भीमगीतं मोबाइलवर रेकॉर्ड केली आणि त्याला पाठवली. शेजारच्या बायका नेहमीसारख्या भोवती बसून टाळ्यांची साथ देत होत्या. आता तर बोलतानाही तिचा आवाज फाटतो.

त्याने मिक्स केलेलं गाणं लावलं. आईने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "छान गाते. कोण आहे ही?"

तो गडबडला. "अहो काकू, तुम्हीच! सूर जरा हलत होता, तो सरळ केला. टाळ्यांचा गोंगाट काढून टाकला."

"टाळ्या काढल्यास? मग मी गातेय कुणाबरोबर?"

मी मूळ रेकॉर्डिंग मागितलं. मोबाइलमध्ये जागा नाही म्हणून माझ्याकडचं मी कालच पुसलं होतं. तो कॉम्प्युटरमध्ये शोधत राहिला. मी त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले.

शेवटी सापडलं. टाळ्या ऐकू आल्या आणि आईची बोटं मांडीवर ठेका धरू लागली.

"ही मी," ती त्याला म्हणाली. "आता यावर कर काय करायचं ते."

घरी आल्यापासून टाळ्यांसकट तेच गाणं ऐकत बसली आहे. मला काही विचारत नाही, म्हणून मीच तुम्हाला विचारते. ज्यांच्या घरी असं ऑपरेशन झालंय, त्यांचा गाता आवाज परत आला का? धीर द्यायला म्हणून नको, खरं सांगा.