सेकंदरावांचा तक्ता

रुग्णालयाच्या तळघरात कर्करोगावर किरणं सोडणारं कोबाल्टचं यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञांना सगळे सेकंदराव म्हणत, अगदी तोंडावरही. महिन्याच्या एक तारखेला ते जाडजूड दाराशेजारी उपचाराच्या वेळेचा नवा तक्ता चिकटवत आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत, "तुमचे तीन सेकंद वाढले हं. आजार नाही वाढला, आमचा कोबाल्ट थकलाय."

सव्वीस वर्षांत हे सांगायला ते एकदाच विसरले, आणि ते नेमकं माझ्या आत्याच्या वाट्याला आलं.

आत्या शिवणकाम करायची. छातीवर शाईच्या खुणा घेऊन यंत्राखाली निश्चल पडायचं, तेव्हा ती मनात टाके मोजायची, सेकंदाला एक. पहिले दहा दिवस दोनशे छत्तीस टाके. मग 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी लागली आणि चार दिवस उपचार थांबले. अकराव्या पाळीला एकशे अठरा टाक्यांवरच घंटा वाजली.

घरी येऊन तिने पिशवी ठेवली. "मला सोडून दिलंय त्यांनी. अर्ध्यातच उठवलं. चार दिवस बसून हेच ठरवलं असणार."

दुसऱ्या दिवशी ती गेली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौदा पाळ्या बाकी होत्या, आणि खंड पडला तर आजार पुन्हा डोकं वर काढेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी विनवण्या केल्या. ती काजं करत राहिली.

त्या दिवशी दुपारी सेकंदराव दारात उभे. काखेत कागदांची गुंडाळी.

"ताई, दडी कुठे मारलीत?"

"अर्धवट टाकायचं कापड परत परत कशाला आणू, भाऊ?"

ते सरळ जमिनीवर बसले आणि पाच वर्षांचे तक्ते पसरले. "आमचा कोबाल्ट दिसायला पोलादासारखाच. निळी काच करतात तो साधा कोबाल्ट, कुणावर किरणं सोडत नाही. हा अणुभट्टीतून आलेला. अंगठ्याएवढ्या डबीत बारीक गोळ्या. रात्रंदिवस किरणं सोडतो आणि हळूहळू निकेल होत जातो. सव्वापाच वर्षांत जोर निम्मा. म्हणून तेवढ्याच डोसाला दरमहा वेळ जास्त. गेल्या आठवड्यात नवा बसवला, ताजा. दुप्पट जोराचा."

आत्याने एकेका रकान्यावरून बोट फिरवलं. मग मांडीवरची कात्री उचलून पाहिली.

"म्हणजे धार लावून आणलीत."

"अं?"

"बोथट कात्री दोनदा चालवावी लागते. धार असली की एकदाच. कापड तेवढंच कापलं जातं."

सेकंदराव हसले. "मला सव्वीस वर्षांत असं सांगता आलं नाही." मग मान खाली घालून म्हणाले, "चूक माझी. नव्या गोळ्यांची मोजमापं तपासण्यात गुंतलो. माणसांना सांगायचं राहून गेलं."

"फोनवर सांगायचं की."

"तुम्ही विश्वास ठेवला असता?"

"छे!" म्हणून ती चप्पल शोधू लागली.

उरलेल्या चौदाही पाळ्यांना सेकंदराव बाहेरच्या पडद्यावर तिला पाहत, माईकवरून आकडे मोजत. पुढे सगळ्यांसाठीच मोजू लागले. आत दाराआड माणूस एकटा असतो. निदान एक आवाज सोबतीला. त्या आवाजाचे उपकार कसे फेडायचे, हे मला अजून कळलेलं नाही.

आत्या दरवर्षी तपासणीला जाते, तेव्हा डॉक्टरांच्या आधी तळघरात उतरते.

"भाऊ, माझ्या पाळीला आता किती लागले असते?"

पहिल्या वर्षी एकशे चौतीस. आकडा वाढला की ती खूश होते. यंदा सेकंदरावांनी तक्ता पाहिला, मग पुन्हा पाहिला.

"दोनशे छत्तीस, ताई. जुन्या आकड्यावर आलो. नवा मागवलाय."

"म्हणजे तुमचा कोबाल्ट अर्धा झाला," आत्या पदर सावरत म्हणाली, "आणि मी अख्खी!"

सेकंदरावांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. मग खिशातून पेन काढून तक्त्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं: नवा बसला की सगळ्यांना आधी सांगणे.