दोन गाड्यांचं गाव

समजा, तुम्हाला एका गावाबद्दल दोन पानं लिहायची आहेत. गाव स्कॉटलंडमध्ये, तुम्ही सिंगापुरात. हाताशी फक्त एक तक्ता: माणसं चार हजार, घरं सतराशे, रोज रेल्वेने शहरात कामाला जाणारे निम्मे. सांगा, गाव सुखात आहे की अडचणीत?

जुरोंग ईस्टच्या आमच्या ऑफिसात हे काम सुलेखाताई करतात. मूळच्या कोथरूडच्या, संख्याशास्त्रात एम.एस्सी., चौदा वर्षं राहायला क्लेमेंटीत. ऑफिस एमआरटीने, म्हणजे मेट्रोने, एका स्टेशनावर. गाडी नाही. इथे कारचा परवानाच कारइतका महाग, असते कोणाकडे? आमच्या मजल्यावर फक्त आमच्या बॉसकडे, चारुदत्त सरांकडे, आणि मीटिंगमध्ये ते किल्ली टेबलाच्या मधोमध ठेवतात.

तिथेच घोळ झाला. तक्त्यात होतं, दहापैकी चार घरांत दोन-दोन गाड्या. ताईंनी शेरा मारला, 'सुखवस्तू'. मी तपासलं, मीही मान डोलावली. आमचा क्लायंट म्हणजे तिथली कौन्सिल; पाच गावांपैकी जास्त गरजेच्या तीन गावांनाच ती स्टेशनची बस ठेवणार होती, आणि गरजेचा क्रम आम्ही लावायचा होता. आमचं गाव पाचवं आलं. रिपोर्ट गेला.

मग गावकऱ्यांचे लेखी अभिप्राय उशिरा हातात पडले. एकाने लिहिलं होतं, 'सहानंतर बस नाही, म्हणून नाइलाजाने दुसरी जुनी गाडी ठेवली.' एका बाईंनी लिहिलं होतं, 'मी एक्याऐंशीची. गाडी चालवणं सोडलं. बस आहे म्हणून दवाखाना आहे.'

ताईंनी कपाळावर हात मारला. "अगं, गाडी म्हणजे श्रीमंती हे इथलं गणित! तिथे दुसरी गाडी म्हणजे बस पुरत नाही, एवढाच अर्थ!"

आम्ही क्रम पुन्हा लावला. गाव दुसरं आलं.

चारुदत्त सर म्हणाले, "ताई, क्लायंट खूश आहे. झोपलेल्याला कशाला उठवता?"

"झोपलेल्याला नाही उठवत, सर. खड्ड्याकडे चाललेल्याला हाक मारतेय."

"पुढच्या वर्षीच्या रिपोर्टमध्ये दुरुस्त करू."

"तोवर बस राहील?"

सर किल्ली उचलून उठले.

ताईंनी सरांना न विचारता क्लायंटला तीन ईमेल पाठवल्या. तिन्हींना एकच उत्तर, 'नोंद घेतली आहे.' घरी लेक जाईसुद्धा इथल्या सिंगापुरी इंग्रजीत वैतागली. "ममा, नॉट युअर प्रॉब्लेम लाह! तू ते गाव बघितलंयस तरी का?"

"बघितलं नाही, म्हणूनच तर चुकले ना!" हे मला सांगतानाही ताईंचा आवाज चढला होता.

काल संध्याकाळी क्लायंटकडून शेवटची यादी आली. आमच्या गावाची बस एक तारखेपासून बंद. ताईंनी ती दोनदा वाचली आणि तक्ता पुन्हा उघडला. गाडी नसलेली घरं, नऊ टक्के. त्या ओळीवर बोट ठेवून त्या मला म्हणाल्या,

"दीडशेच्या वर घरं झाली ही. बाकीच्यांचं सोड. ती एक्याऐंशीची बाई दोन तारखेला दवाखान्यात कशी जाणार आहे गं?"